मदत हवी आहे: आईला पहिल्यांदाच समुद्र दाखवायचाय, रत्नागिरीच्या आसपास चार दिवस निवांत काय करता येईल?

सोलापूरची लेक

नमस्कार मंडळी,

माझी आई ६८ वर्षांची आहे आणि तिनं अजून समुद्र पाहिलेला नाही. मोठं पाणी म्हणजे तिच्या लेखी सिद्धेश्वर तलाव, पंढरपूरची चंद्रभागा, आणि पुण्याला जाताना भिगवणजवळ उतरून दाखवलेलं उजनीचं पाणी. तिथं उभी राहून ती म्हणाली होती, "पलीकडचा काठ दिसतोय की गं." पलीकडचा काठ नसलेलं पाणी तिला एकदा दाखवायचंच, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून आहे.

आईनं तीस वर्षं विड्या वळल्या. दिवसाला हजार विडी, मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन. आमची शिक्षणं त्यावर झाली आणि तिचे गुडघे त्यात गेले. सपाटीवर काठी घेऊन अर्धा तास चालते, पण पायऱ्या दहाच्या वर नको म्हणते. माळकरी आहे, त्यामुळं मासे-मटण नाही. बरोबर मी, नवरा आणि बारा वर्षांचा मुलगा. गाडी घरची आहे.

गड्ड्याची यात्रा झाली, आईची माघवारी झाली, की फेब्रुवारीत चार दिवस जायचं ठरवतोय. रत्नागिरी निवडली कारण सोलापूरहून रस्ता सरळ तिकडंच जातो, आणि दवाखाना लागला तर शहर जवळ असावं. पण राहायचं शहरात नाही, शहरापासून अर्ध्या-पाऊण तासावर एखाद्या शांत गावात.

आता खरी अडचण. काही वर्षांपूर्वी सासूबाईंना एका सहल कंपनीबरोबर कोकणात पाठवलं होतं. दोन दिवसांत अकरा ठिकाणं. गुडघ्यांमुळं त्या प्रत्येक ठिकाणी बसमध्येच बसून राहिल्या. समुद्र त्यांनी खिडकीतून पाहिला. आल्यावर "छान होतं" एवढंच म्हणाल्या. आता त्या नाहीत, आणि ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आईच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही.

म्हणून 'बघण्यासारखी ठिकाणं' विचारत नाहीये, ती यादी कुठंही मिळते. समुद्राकाठी राहणारी माणसं दिवसभर काय करतात? आमच्यासारख्या कोरड्या मुलखातल्या माणसाला तिथं चार दिवस बसून काय बघता येईल, काय खाता येईल, कुणाशी बोलता येईल? आणि गाडीतून उतरून लगेच वाळूवर पाय टेकवता येईल असा किनारा कुठला?

---

भाट्याची वाळू

ताई, मी रत्नागिरीचाच. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: भाट्ये.

शहरातून पावसकडे जाणारा रस्ता भाट्याच्या खाडीवरचा पूल ओलांडतो आणि पलीकडे उतरला की उजव्या हाताला सुरूचं बन आणि त्यामागे समुद्र. किनारा सरळ आणि सपाट. आईंसाठी एक घडीची खुर्ची घेऊन या, सुरूच्या सावलीत मांडा. पहिला दिवस तिथेच घालवा, दुसरं काहीही ठरवू नका.

आता दिवसभर काय करायचं ते. समुद्र दिवसभर एकसारखा नसतो, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला दोन तासांत कळतच नाही. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या. भरतीला लाट वर चढून येते आणि वाळूची पट्टी अरुंद होते. ओहोटीला तेच पाणी मागे सरतं आणि ओली, घट्ट वाळू उघडी पडते. काठी टेकून चालणाऱ्याला ती वाळू सर्वांत चांगली, पाय रुतत नाही. कोरड्या भुसभुशीत वाळूत मात्र गुडघ्यांचे हाल होतात. त्यामुळे आईंना चालवायचं ते ओहोटीच्या वेळीच.

ही वेळ काढायला मोबाईल नको, कॅलेंडर पुरे. आमच्याकडे जुनी माणसं तिथीला पाऊणने गुणतात. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळी. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. हिशोब ढोबळ आहे, थोडं पुढे-मागे होतं, पण खुर्ची कधी मागे सरकवायची एवढं नक्की कळतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी खूप वर येतं आणि खूप मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. तुमच्या आई माळकरी आहेत म्हणजे तिथ्या तोंडपाठ असणार. त्यांनाच हिशोब करू द्या.

एक सांगतो, ते मनावर घ्या. खाडीच्या मुखाजवळ, जिथे काजळी नदी समुद्राला मिळते, तिथे मुलाला पाण्यात सोडू नका. ओहोटीला तिथे ओढ फार असते. आरे-वारे आणि गणपतीपुळ्यालाही घोट्यापर्यंत पाणी पुरे. पोहता येतं म्हणून आत गेलेली बाहेरगावची माणसं आम्ही दर वर्षी गमावतो, आणि ते बघणं फार वाईट असतं.

---

हुरडा आणि शेंगा

ताई, मी पण सोलापूरचा, होटगी रोड. रस्त्याचं सांगतो. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा, रत्नागिरी. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. एका दिवसात होतं, पण आईंना घेऊन करू नका. कोल्हापूरला मुक्काम टाका, अंबाबाईचं दर्शन घ्या आणि सकाळी ताज्या दमानं घाट उतरा. घाटात पोट रिकामं नको आणि गच्च भरलेलंही नको.

एसटीनं कुणी जाणार असेल तर महिलांना तिकीट अर्धं आहे, आणि ७५ वर्षांवरच्यांना फुकट.

---

लाटांवरची सकाळ

माझं मत वेगळं आहे. पहिल्यांदा समुद्र बघायचा तर गणपतीपुळेच. देऊळ अगदी किनाऱ्याला, दर्शन आणि समुद्र एकाच जागी. वारकरी बाईला देव सोडून नुसत्या वाळूत काय बसवायचं?

---

भाट्याची वाळू

पुळ्याला जरूर जा, पण राहायला नको. तिथली प्रदक्षिणा पूर्ण टेकडीला वळसा घालून, साधारण एक किलोमीटर. आईंना ती अर्धवट सोडायला लागली तर रुखरुख राहील. शिवाय संकष्टीला आणि सुट्टीच्या दिवशी गर्दी असते. मधल्या वारी, सकाळी लवकर दर्शन घ्या आणि येताना आरे-वारेच्या वरच्या रस्त्याला गाडी थांबवा. दोन्ही बाजूंचे किनारे एकदम दिसतात. तिथे खाली उतरायची गरजच नाही. पलीकडे मालगुंड आहे, कवी केशवसुतांचं गाव, तिथे त्यांचं स्मारक आहे. मुलाच्या पुस्तकात त्यांची कविता असली तर त्याला दाखवा.

आणि देव हवाच असेल तर पावस. रत्नागिरीपासून वीसेक किलोमीटर, भाट्याच्याच रस्त्यावर पुढे. स्वामी स्वरूपानंदांची समाधी. १९०३ सालचा जन्म, १९७४ साली समाधी, आणि आयुष्य याच गावात ज्ञानेश्वरीच्या सान्निध्यात गेलेलं. पंढरीची वारी करणाऱ्या बाईला तिथे परकं वाटणार नाही. दुपारच्या प्रसादाला थांबा.

---

आगरातली

ताई, मी पावसजवळ राहते, म्हणून मुक्कामाचं मी सांगते. पावस ते गणेशगुळे हा पट्टा तुम्हाला हवा तसाच आहे. नारळी-पोफळीची आगरं, हापूसच्या बागा, आणि फेब्रुवारीत मोहोराचा वास. गणेशगुळ्याचा किनारा शांत. तिथल्या गणपतीबद्दल आमच्याकडे म्हणतात, "गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला." ती गोष्ट आईंना तिथल्याच एखाद्या आजीकडून ऐकवा, मी इथे सांगत नाही.

घर ठरवताना फोनवर एकच प्रश्न विचारा: पाखाडी किती? पाखाडी म्हणजे चिऱ्यांची पायवाट, बहुतेक ठिकाणी पायऱ्यांची. आमच्याकडे रस्ता वर आणि घर खाली, असं सर्रास असतं. फोटोत घर सुंदर दिसतं आणि पोचल्यावर कळतं की चाळीस पायऱ्या उतरायच्यात. गाडी अंगणापर्यंत येते का, संडास कमोडचा आहे का, हे स्पष्ट विचारा. कुणी रागवत नाही.

जेवणाची काळजी सोडा. कोकण म्हणजे फक्त मासे नाहीत. कुळथाचं पिठलं आणि मऊ भात, फणसाची भाजी, वालाचं बिरडं, घावणे-चटणी, आंबोळ्या, उकडीचे मोदक, सोलकढी. नशीब असेल तर ओल्या काजूगरांची उसळ, फेब्रुवारीत ते बाजारात यायला लागतात. शाकाहारी स्वयंपाकाची घरं पावसला सहज मिळतात. फक्त एक, भाकरी तांदळाची मिळेल, ज्वारीची नाही. दोन-तीन दिवसांनी आईंना आठवण येईल.

आणि बोलायला माणसं विचारलीत ना? दुपारी आमच्याकडे बायका अंगणात हिरांच्या केरसुण्या वळत बसतात. माडाच्या झावळ्यांतून एकेक हीर सोलून काढायचा आणि मुठीएवढा जुडगा झाला की बांधायचा. तीस वर्षं विड्या वळलेले हात आहेत, आईंना शेजारी नुसतं बसवा. बघा काय होतं ते.

---

सोलापूरची लेक

आगरातली ताई, शेवटचं वाचून मी बराच वेळ मोबाईल खाली ठेवला होता. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "हीर सोलायला सुरी लागती का दाभण, विचार तिला."

पाखाडीचा प्रश्न तर आम्हाला सुचलाच नसता. दोन घरं बघून ठेवली होती, फोन केल्यावर एक लगेच बाद झालं, अठ्ठावीस पायऱ्या.

आणखी एक-दोन गोष्टी. मुलगा चार दिवस नुसता बसणार नाही. त्याच्यासाठी काय? आणि शहरात आईला झेपेल असं काही आहे का?

---

भाट्याची वाळू

मुलाला झाडगावच्या मत्स्यालयात न्या. तिथे देवमाशाचा सांगाडा आहे, तो बघून मोठी माणसंही गप्प होतात. किल्ला बघायचा तर रत्नदुर्ग, तीन बाजूंनी समुद्र, वर भगवतीचं देऊळ. त्याला आणि त्याच्या बाबांना वर पाठवा. एकदा मिरकरवाडा बंदरावर होड्या परतायच्या वेळी दोघांनी जावं. ढीग, लिलाव, बर्फ, आरडाओरडा, सगळं बघण्यासारखं असतं, पण वास असतो, आईंना नको. भाट्याला नारळ संशोधन केंद्रही आहे. बागेची आवड असेल तर नारळाखाली मसाल्याची पिकं कशी घेतात ते दिसेल.

आईंसाठी थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला १९१० साली आणि १९१६ साली तो इथेच वारला. तीस वर्षं परत जाण्याची वाट बघत. जवळच थिबा पॉइंट आहे, तिथून भाट्याची खाडी आणि समुद्र दोन्ही दिसतात. संध्याकाळी साडेपाचला जाऊन बसा, फेब्रुवारीत सूर्य साडेसहाच्या सुमारास बुडतो. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान आहे, तेही शहरातच. पण दोन्ही एका दिवशी करू नका. तुमचा हेतू लक्षात आहे म्हणून म्हणतो.

---

आगरातली

दाभण नाही, सुरी. साधी चालते. पण जपून, हिराची कड बोटाला कापते.

---

सोलापूरची लेक

तारीख ठरली, आणि ती आईनं ठरवली.

काल रात्री चष्मा लावून कॅलेंडर घेऊन बसली. माघी एकादशीला पंढरपूर सोडायचं नाही, म्हणजे शुद्ध पक्ष गेला. पौर्णिमेला उधाण, तेही नको. मग वद्य पक्ष धरून बोटं मोजत गेली. तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेआठला. चतुर्थीला सव्वानऊ, पंचमीला दहा, षष्ठीला पावणेअकरा. "चारी दिवस सकाळचं वाळू घट्ट राहती, ऊन चढायच्या आत चालून घ्यायचं. चतुर्थीला संकष्टी, त्या दिवशी गणपतीकडं जायचं नाही, गर्दी असती. पंचमीला जायचं." हे सगळं तिनं समुद्र न बघता सांगितलं. भाट्याची वाळू, हिशोब बरोबर आहे ना, तेवढं तपासून सांगा.

द्वितीयेला कोल्हापूर मुक्काम, तृतीयेला पहाटे निघून घाट. पहिल्या दिवशीची सकाळची ओहोटी चुकेल, पण भाट्याला दुपारी भरती तरी दिसेल. पुढचे दिवस पावसजवळ. घर मिळालंय, अंगणापर्यंत गाडी, पायऱ्या तीन.

---

भाट्याची वाळू

तंतोतंत बरोबर. तृतीयेला अडीच-तीनपर्यंत पोचलात तर पाणी सुरूच्या बनाच्या जवळ आलेलं असेल. खुर्ची तिथेच मांडा आणि उठू नका. अंधार पडेपर्यंत ते पाणी आईंच्या डोळ्यांसमोर मागे जाताना दिसेल.

---

आगरातली

ताई, पंचमीला दुपारी आमच्याकडे या. झावळ्या आधीच भिजवून ठेवते. येताना शेंगांची चटणी आणि चार कडक भाकऱ्या आणा, माझ्या सासऱ्यांनी नोकरीच्या निमित्तानं तीन वर्षं सोलापुरात काढली होती, ते अजून नाव काढतात.

---

सोलापूरची लेक

चार नाही, आई चाळीस करायला बसलीये.