प्लेसमेंटच्या कोडिंग परीक्षेचा सराव : उत्तर वाचले की पटते, पण स्वतःहून सुचत नाही

नमस्कार.

मी इंदूरला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात इलेक्ट्रॉनिक्स शिकते. कुणी मेकॅनिकलचे, कुणी सिव्हिलचे आणि एक जण कॉम्प्युटर सायन्सचा, असा आमचा एक गट सुट्टीच्या दिवशी रामबागेत एका मैत्रिणीच्या घरी बसून कॅम्पस भरतीच्या कोडिंग परीक्षांची तयारी करतो. घरी सगळ्यांचे मराठी, कॉलेजात हिंदी आणि प्रश्न इंग्रजीत, त्यामुळे प्रश्न वाचून झाला की तो आधी एकमेकांना मराठीतून समजावून सांगायचा अशी आम्ही सवय लावून घेतली आहे आणि तिचा खरोखर फायदा होतो. तरीही एका ठिकाणी आमची सर्वांचीच गाडी अडते, म्हणून इथल्या जाणकारांना विचारत आहे.

अडचण अशी, की प्रश्न कोणत्या विषयावरचा आहे हे आधीच माहीत असेल तर तो सुटतो. ‘आज स्टॅकचे (शेवटी ठेवलेले आधी काढायचे, अशा रचनेचे) प्रश्न करायचे’ असे ठरवून बसलो, की कंस बरोबर जुळतात का हे तपासण्यापासून प्रत्येक संख्येच्या उजवीकडची पहिली मोठी संख्या शोधण्यापर्यंत सगळे कुणाला ना कुणाला जमते. पण सराव परीक्षेत तोच प्रश्न एखाद्या गोष्टीच्या रूपात समोर आला आणि कोपऱ्यात वेळ उलटी मोजली जात असली, की तो स्टॅकचा आहे हे ओळखताच येत नाही. नंतर उत्तर वाचले की प्रत्येक ओळ पटते, आणि काही दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा घेतला की पुढे पाठ, मागे सपाट.

एक उदाहरण देते. एका ओळीत n संख्या दिल्या आहेत. त्यांतील सलग संख्यांचे असे किती तुकडे पडतात, ज्यांची बेरीज k येते? n एक लाखापर्यंत असू शकतो आणि प्रत्येक संख्या उणे शंभर कोटी ते अधिक शंभर कोटी यांच्या दरम्यान आहे. आमच्यातील एकाने एकात एक असे दोन लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या फेऱ्या) लावून सगळे तुकडे मोजले, तेव्हा नमुन्याची उदाहरणे बरोबर आली, पण लपवलेल्या चाचण्यांत वेळमर्यादा ओलांडली गेली. दुसरीने सरकत्या खिडकीची पद्धत वापरली. म्हणजे बेरीज k पेक्षा वाढली की डावीकडची संख्या सोडून द्यायची. तो प्रोग्राम झटकन चालला, परंतु काही चाचण्यांत उत्तरच चुकले. कोणत्या चाचणीत आणि का, हे परीक्षेची यंत्रणा सांगत नाही, आणि तिथेच आम्ही अडकून राहतो.

भंवरकुआच्या बाजूला एका क्लासमध्ये चौकशी केली, तर तिथे ‘हमखास येणाऱ्या’ प्रश्नांची उत्तरे पाठ करून घेतात असे समजले. गणिताची प्रमेये समजून न घेता पाठ केली तर काय होते हे शाळेतच पाहिलेले असल्यामुळे मला तो मार्ग पटत नाही. सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस या दोन्हींचे मोठे परिसर असल्याने घरच्यांना वाटते की नोकरी दाराशीच आहे. पण परीक्षा देशभरातील मुलांबरोबर द्यायची आहे, आणि तिथे पाठांतर किती पुरेल याची मला शंका वाटते.

तेव्हा विचारायचे आहे ते हे, की विषयवार सराव सोडून मिश्र प्रश्नांकडे केव्हा वळावे, उत्तर पाहण्यापूर्वी किती वेळ झगडत राहावे, आणि मुख्य म्हणजे लपवलेल्या चाचण्यांत आपले काय चुकत असेल हे स्वतः कसे शोधावे? ज्यांनी अशा परीक्षा दिल्या आहेत किंवा घेतल्या आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद (बडोदे)

तुमचा प्रश्न वाचून फार बरे वाटले, कारण ‘कोणते प्रश्न येतात’ असे विचारणारे पुष्कळ भेटतात आणि ‘कसे सुचते’ असे विचारणारे क्वचितच. मी बडोद्यात सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात बरीच वर्षे काम करतो आणि नव्या मुलामुलींच्या निवडीसाठी प्रश्न काढणे व उत्तरे तपासणे हेही माझ्या कामात येते. माझी लेकही तुमच्याच वयाची आहे, म्हणून जरा मोकळेपणाने लिहितो.

प्रश्नाची गोष्ट वाचण्याआधी त्याखाली दिलेल्या मर्यादा वाचा. प्रश्न काढणारा तिथे अर्धे उत्तर सांगून जातो. सी++ मधील साधा प्रोग्राम एका सेकंदात ढोबळमानाने दहा कोटी साध्या क्रिया करतो असे धरून चाला. पायथॉनसाठी हा आकडा एखाद्या कोटीच्या आसपास धरा. n वीसपर्यंतच असेल तर सर्व उपसंच तपासले तरी चालते, कारण २ चा विसावा घात १०,४८,५७६ इतकाच आहे. n पाच हजार असेल तर दोन लूप चालतात, कारण ते अडीच कोटी होतात. पण n एक लाख झाला की सलग तुकड्यांची संख्याच सुमारे ५०० कोटी होते, म्हणजे दोन लूपांचा मार्ग पहिली ओळ लिहिण्यापूर्वीच बाद. तिथे एकाच फेरीत किंवा सॉर्टिंगच्या (संख्या क्रमाने लावण्याच्या) वेळेत होणारे काहीतरी अपेक्षित आहे हे गृहीत धरूनच विचार सुरू करायचा.

आता तुमचाच प्रश्न घेऊ. दोन लूपांच्या उत्तराकडे पाहून स्वतःला विचारा, की यात कोणते काम पुन्हा पुन्हा होते आहे? त्याच संख्यांची बेरीज. मग सुरुवातीपासूनची बेरीज एकदाच करून ठेवू. कोणत्याही तुकड्याची बेरीज म्हणजे त्याच्या शेवटापर्यंतच्या बेरजेतून त्याच्या सुरुवातीपूर्वीची बेरीज वजा केलेली. म्हणजे आपण ज्या जागी उभे आहोत तिथली बेरीज S असेल, तर प्रश्न एवढाच उरतो, की याआधी S वजा k इतकी बेरीज किती वेळा येऊन गेली? ‘आधी किती वेळा आले’ हे शब्द ऐकू आले की हॅश मॅप (कोणती किंमत किती वेळा आली हे लगेच सांगणारी नोंद) आठवला पाहिजे. सुचणे म्हणतात ते बहुतेक वेळा असेच घडते. साध्या, संथ उत्तरातील वाया जाणारे काम शोधत गेले की पुढची पायरी दिसू लागते. म्हणून संथ उत्तराला कमी लेखू नका आणि ते वगळून थेट युक्ती शोधायला धावू नका.

सरकती खिडकी का चुकली हेही हाताने करून पाहा. ३, ४, −७, १, ३, ३ या संख्या घ्या आणि k सात ठेवा. खिडकी ‘३, ४’ हा तुकडा मोजते, पुढे −७ मुळे बेरीज शून्यावर येते आणि शेवटी संपूर्ण ओळीची बेरीज सात झाल्यावर दुसरा तुकडा मोजते. परंतु ‘१, ३, ३’ हाही तुकडा सातच भरतो आणि तो तिला दिसतच नाही, कारण बेरीज सातच्या वर कधी गेलीच नाही आणि डावी कड हललीच नाही. खरे उत्तर तीन आहे. खिडकीची पद्धत संख्या धन असतील तेव्हाच विश्वासाची, कारण तेव्हा खिडकी वाढवली की बेरीज वाढते आणि आखडली की घटते. ऋण संख्या आल्या की हा आधारच निघून जातो. मर्यादेतील ‘उणे शंभर कोटी’ हे शब्द त्यासाठीच लिहिलेले होते.

त्याच मर्यादेत आणखी एक सापळा आहे. एक लाख संख्या आणि प्रत्येकी शंभर कोटी, म्हणजे बेरीज १ वर १४ शून्ये एवढी होऊ शकते. सी++ किंवा जावामधील साधा इंट (पूर्णांक ठेवण्याचा प्रकार) २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जात नाही. तिथे सी++ मध्ये लाँग लाँग आणि जावामध्ये लाँग वापरावे लागते. पायथॉनमध्ये ही काळजी नसते.

लपवलेल्या चाचण्यांतील चूक शोधण्याचा माझ्या माहितीतील सर्वांत भरवशाचा उपाय असा, की संथ पण नक्की बरोबर असा एक प्रोग्राम आणि वेगवान असा दुसरा, दोन्ही लिहायचे. मग पाच-सहा संख्यांच्या लहान लहान ओळी, ऋण संख्या आणि शून्यांसह, यादृच्छिक तयार करून दोघांना द्यायच्या आणि उत्तरे जिथे वेगळी येतील तिथे थांबायचे. चूक बहुधा इतक्या लहान उदाहरणात सापडते की ती कागदावर दिसते. तुमचा गट आहे, तेव्हा एकाने संथ, दुसरीने वेगवान आणि तिसऱ्याने चाचण्या असे वाटून घेता येईल. याशिवाय n एक असताना, सर्व संख्या सारख्या असताना आणि k शून्य असताना काय होते, हे प्रत्येक वेळी पाहावे.

सरावाच्या क्रमाविषयी माझे मत स्पष्ट आहे. ॲरे, स्ट्रिंग, हॅशिंग, दोन पॉइंटर, बायनरी सर्च, स्टॅक आणि रिकर्शन एवढे विषय एकदा हाताखालून गेले, की लगेच मिश्र प्रश्न सुरू करावेत. डायनॅमिक प्रोग्रॅमिंग आणि ग्राफ त्यासोबत शिकत राहावे, विशेषतः जास्त पगाराच्या पदांवर डोळा असेल तर. कोडफोर्सेस या सरावाच्या संकेतस्थळावर प्रश्नांचे विषय लपवून ठेवण्याची सोय आहे, ती वापरा. उत्तर पाहण्याबाबत मिनिटे मोजू नका. नवे काही सुचत आहे तोवर झगडा, त्याच त्या विचारात फिरू लागलात की फक्त पहिली सूचना वाचा आणि पुन्हा बसा. प्रश्न सुटल्यावर वहीत एकच वाक्य लिहा, की हे कोणत्या खुणेवरून ओळखायला हवे होते. पुढच्या आठवड्यात ते वाक्य झाकून, कोऱ्या पानावर तोच प्रश्न पुन्हा करा.

प्रतिसाद (ग्वाल्हेर)

वरील प्रतिसाद अतिशय उपयुक्त आहे. केवळ एका व्यावहारिक बाबीची भर घालतो. लीटकोड या सरावाच्या संकेतस्थळावर आपल्याला फक्त फंक्शन (प्रोग्रामचा उत्तर काढणारा भाग) लिहावे लागते, पण भरतीच्या अनेक परीक्षांत इनपुट वाचण्यापासून उत्तर छापण्यापर्यंत संपूर्ण प्रोग्राम आपणच लिहायचा असतो. कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये ‘संख्या टाका’ असे छापण्याची सवय लागलेली असते. यंत्र तपासत असताना ती एक ओळ जास्त पडली तरी सगळी उत्तरे चूक ठरतात. सी++ मध्ये आधी संख्या वाचून लगेच गेटलाइनने पूर्ण ओळ वाचली की रिकामी ओळ हाती येते, आणि जावाचा स्कॅनर मोठ्या इनपुटला फार संथ पडतो, तिथे बफर्डरीडर वापरावा. हॅकररँक किंवा कोडशेफवर काही दिवस संपूर्ण प्रोग्राम लिहिण्याचा सराव केला तर या गोष्टी अंगवळणी पडतात.

धागाकर्ती

काका, आपण इतका वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार, ग्वाल्हेरच्या दादांचेही. दोन प्रोग्राम समोरासमोर चालवण्याची पद्धत आम्ही लगेच करून पाहिली, आणि खिडकीच्या प्रोग्रामची चूक चार संख्यांच्या ओळीतच सापडली. आता एकच विचारायचे राहिले आहे. गटातील मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मित्रांना पायथॉन सोपे वाटते, तर सीनियर सांगतात की सी++ शिवाय निभाव लागणार नाही. परीक्षा तोंडावर असताना भाषा बदलणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद (बडोदे)

बदलू नका. जी भाषा हातात बसली आहे, तीच ठेवावी. नवी भाषा शिकण्यात जाणारे आठवडे प्रश्न सोडवण्यात घालवले तर त्यांचे अधिक चीज होईल. पायथॉनवाल्यांनी मात्र यादीत ‘हे आहे का’ असे लूपच्या आत विचारणे टाळावे, कारण प्रत्येक वेळी ती संपूर्ण यादी चाळली जाते. त्याऐवजी सेट किंवा डिक्शनरी वापरावी. रांगेसाठी यादीच्या सुरुवातीचा घटक काढत बसू नये, डेक (दोन्ही टोकांनी झटकन घालता-काढता येणारी रांग) वापरावा. आणि परीक्षेपूर्वी त्या कंपनीच्या सूचनापत्रात कोणत्या भाषा चालतात ते प्रत्येकाने स्वतः वाचून घ्यावे, दुसऱ्याच्या सांगण्यावर राहू नये.