जुन्या फोर बाय फोरचं मूळ इंजिन काढावं का?

लीफस्प्रिंग (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या महिन्यात माझ्या जुन्या फोर बाय फोरचं हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं. रेडिएटरचं झाकण उघडलं तर पाण्यावर तेलाचा तवंग. गाडी कुठल्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चर्चा ब्रँडवर घसरते. चार सिलेंडरचं पेट्रोल इंजिन, चारही चाकांना पाटे आणि ड्रम ब्रेक, एवढं पुरे. हेड उतरवून ठेवलंय. बघायला आलेल्या प्रत्येकाने एकच सल्ला दिला: आता हिच्यावर खर्च कशाला, एखादं टर्बो डिझेल बसव आणि मोकळा हो.

मी बसवणार नाही.

या गाड्या एका हिशोबाने बांधलेल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धातली जीप, विलीज एमबी घ्या. २.२ लिटरचं साइड व्हॉल्व्ह इंजिन, ६० हॉर्सपॉवर, तीन गिअर, ९ इंची ड्रम. इंजिन जेवढं ओढेल तेवढं गिअरबॉक्स पेलतो आणि जेवढा वेग येईल तेवढा ब्रेक सांभाळतात. लँड रोव्हरच्या सिरीज गाड्यांचंही तेच. त्यांचं २.२५ लिटरचं पेट्रोल काढून २०० टीडीआय (लँड रोव्हरचंच नंतरचं टर्बो डिझेल) बसवणारे पुष्कळ आहेत, कारण ते जुन्या गिअरबॉक्सला फार तोडफोड न करता जुळतं. पण टॉर्क साधारण दीडपट होतो, आणि तो सगळा त्याच जुन्या गिअरबॉक्समधून, त्याच मागच्या हाफ शाफ्टमधून (चाक फिरवणाऱ्या दांड्यातून) जातो. हाफ शाफ्ट मूळ इंजिनावरही तुटतात. ज्याने एकदा चिखलात बसून तो बदललाय त्याला हे वेगळं सांगायला नको. मग शाफ्ट बदला, मग ४.७ गुणोत्तराचा डिफ (डिफरन्शियल) काढून जास्त वेगाचा ३.५४ चा घाला, मग वेग वाढला म्हणून ब्रेक बदला. एका इंजिनापायी अर्धी गाडी बदलते.

दुसरं कारण माझ्यापुरतं आहे. एकदा आडवाटेला गाडी मिसफायर करत बंद पडली. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) जळून खड्डा पडला होता. काडेपेटीच्या कडेने घासले, जाड पुठ्ठ्याचा तुकडा मध्ये धरून अंदाजाने गॅप लावला आणि गाडी घरी आली. नंतर फिलर गेजने मोजला तर ०.४ मिमीच्या अगदी जवळ. हाताला हे या इंजिनाने शिकवलं. ते काढून टाकणं मला जमणार नाही.

ज्यांना पटत नाही त्यांनी मोकळेपणाने लिहा.

चिखलवाट

पूर्ण असहमत, आणि सविस्तर असहमत.

माझ्या गाडीत बारा वर्षं २०० टीडीआय आहे. मी मूळ इंजिन हौसेने काढलं नाही. आधीच्या मालकाने कूलंट म्हणून वर्षानुवर्षं साधं पाणी घातलं होतं, थंडीत ते गोठलं आणि ब्लॉकला चीर गेली. जोडकाम दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा पाझरलं. तेव्हा माझ्यापुढे दोनच वाटा होत्या, गाडी भंगारात किंवा दुसरं इंजिन. आज ती चालते आहे.

आता तुमचा 'मूळ' हा शब्द. कुठलं मूळ? लँड रोव्हर १९४८ मध्ये १.६ लिटरचं पेट्रोल इंजिन घेऊन आली. १९५७ मध्ये डिझेल आलं, १९५८ मध्ये सिरीज टू बरोबर २.२५ लिटर आलं. १९८० मध्ये त्याच इंजिनाच्या क्रँकला तीनऐवजी पाच मेन बेअरिंग आली. विलीजने १९५३ च्या सीजे-३बी मध्ये उंच इंजिन बसवलं आणि ते मावेना म्हणून बॉनेट उंच केलं. लँड क्रूझर ४० सिरीजचं पेट्रोल ३.९ लिटरवरून ४.२ वर गेलं. बनवणाऱ्यांनीच कधी इंजिनाला देव मानलं नाही. त्यांना गाडी शेतातून, खाणीतून, वाळवंटातून परत यायला हवी होती.

आणि पॉइंट घासण्याचं म्हणाल तर टीडीआयला पॉइंटच नाहीत. इलेक्ट्रॉनिक्स नाही, पंप मेकॅनिकल, एका सोलेनॉइडला करंट मिळाला की झालं. पाण्यातून जाताना तुमचा डिस्ट्रिब्युटर भिजतो, माझ्याकडे भिजायला काही नाही.

एक सरळ प्रश्न: तुमची गाडी वर्षात किती किलोमीटर चालते?

लीफस्प्रिंग

साधारण दोन हजार. कमी आहे, मान्य. पण त्यातले बरेचसे कच्च्या रस्त्याचे.

ब्लॉकला चीर गेली असेल तर तुमचा निर्णय वेगळा, त्यावर मी बोट ठेवत नाही. कारखान्याचा मुद्दा मात्र मला उलटा दिसतो. त्यांनी इंजिन बदललं तेव्हा माउंटिंग, कूलिंग, गिअरिंग सगळं तपासूनच गाडी बाहेर काढली. आपण करतो तेव्हा एक रविवार, एक वेल्डिंग मशीन आणि 'बसतंय की' एवढाच तपास असतो. इंजिनाचा माउंट चासीवर नुसता टाका मारून चिकटवलेला मी डोळ्याने पाहिलाय.

ग्रीसगन

दोघंही इंजिनावर भांडताय. जीव जातो तो ब्रेकने.

माझी गोष्ट सांगतो. जुन्या गाडीला ब्रेकचं एकच सर्किट. लांबच्या उतारावर मागच्या डाव्या चाकाचा व्हील सिलेंडर फुटला, रबर सील वर्षानुवर्षं बदललं नव्हतं. पेडल सरळ फ्लोअरला. दोनदा पंप केलं, काहीच नाही. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर टाकली, मग खडखडाट करत पहिल्यावर, आणि डोंगराच्या बाजूच्या मातीत नेऊन घासत थांबवली. हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, प्रोपेलर शाफ्टवर होता. चालत्या गाडीत तो जोरात ओढला की अख्ख्या ट्रान्समिशनला झटका बसतो, म्हणून शेवटच्या चार फुटांत हळू ओढला. बाजूला बायको होती. ती काही बोलली नाही. उतरून रस्त्याच्या कडेला बसून राहिली.

दुसऱ्याच आठवड्यात मी ड्युअल सर्किटचा मास्टर सिलेंडर बसवला. एक लाइन गेली तरी दुसरीवर निदान दोन चाकं धरतात. कारखान्यातून आली तेव्हा तो नव्हता. मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

आणि ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ कोरडं असताना २३० अंशांच्या वर उकळतं. ओलावा शिरला की त्याची किमान हद्द १५५ वर येते. ड्रम तापले की लाइनमध्ये वाफ, वाफ झाली की पेडल मऊ. दोन वर्षांनी बदला, गाडी एक किलोमीटर चालली असो की दहा हजार. उभ्या गाडीचं ऑइलही ओलं होतं.

जुनाचोक

ग्रीसगन, घरी सुखरूप आलात हेच मोठं. ब्रेकवर मी वाद घालणार नाही.

पण या धाग्यावर कुणीतरी मूळपणाची बाजू पूर्ण ताकदीने मांडायला हवी. लीफस्प्रिंग, तुम्ही ती फार मऊ मांडलीत.

फिवा ही जुन्या गाड्यांची जागतिक संघटना, १९६६ पासूनची. तिच्या तुरिन चार्टरचा एक गाभा असा, की जो बदल कराल तो उलटवता यावा. मी त्याचा घरगुती अर्थ असा लावतो: बोल्टने बसत असेल तर बसवा, कापावं लागत असेल तर हात आवरा. ड्युअल सर्किट बोल्टने बसतं. टीडीआयसाठी लोक चासीचे ब्रॅकेट ग्राइंडरने उडवतात, एग्झॉस्टसाठी क्रॉसमेंबर कोरतात, उंची मावेना म्हणून फ्लोअर कापतात. ते परत येत नाही.

हे का महत्त्वाचं ते सांगतो. सहा-सात वर्षांपूर्वी एका जुन्या जीपचं बॅटरीखालचं ब्रॅकेट बनवायचं होतं. आमच्या माहितीतल्या प्रत्येक जीपला कुणी ना कुणी घरचं ब्रॅकेट ठोकलं होतं, एकाचं माप दुसऱ्याला जुळेना. शेवटी एक गाडी सापडली जिला कुणी हातच लावला नव्हता. गंजलेली, टायर बसलेले. पण ब्रॅकेटवर कारखान्याचा हिरवा रंग, दोन भोकांच्या मध्ये दाबून काढलेली खोबण, सगळं जागच्या जागी. मी पुठ्ठा कापून साचा घेतला. त्या साच्यावरून आजवर अकरा ब्रॅकेट बनली. ती एक गाडी कुणी 'सुधारली' असती तर खरं ब्रॅकेट कसं होतं हे आम्हाला कळलंच नसतं.

चिखलवाट

जुनाचोक, तुमची साच्याची गोष्ट मनापासून आवडली. पण आता मला जे सलतं ते बोलतो.

मूळपणाच्या नावाखाली या छंदात साठेबाजी चालते. माझ्या ओळखीत एकाच्या शेडमध्ये सात ट्रान्सफर केस आहेत. गाडी एक, तीही कापडाखाली. त्याच मॉडेलच्या दोन गाड्या एका गिअरसाठी वर्षभर उभ्या आहेत. विचारलं तर 'पुढे लागतील'. गाडी उभी राहिली की काय होतं ते ग्रीसगननी अर्धं सांगितलं, उरलेलं मी सांगतो. कार्बोरेटरच्या बाउलमध्ये पेट्रोलचा डिंक होतो, जेट बुजतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोल असेल तर ते ओलावा धरतं आणि जुने रबर पाइप, पंपाचा डायफ्रॅम मऊ पडून सुटायला लागतात. ऑइल सील वाळतात. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. तुरिन चार्टरच काढलंय तर हेही लिहा, की गाडी चालती ठेवणं हाही तिच्या जतनाचाच भाग आहे असं त्यात म्हटलंय.

जुनाचोक

म्हटलंय, खरं आहे. साठेबाजीवर +१. त्या सात ट्रान्सफर केस वाल्याचं समर्थन मी करणार नाही.

पण 'चालवायची आहे म्हणून कापली' हे मला अजूनही पटत नाही. ६० हॉर्सपॉवरची विलीज १९४१ ते ४५ मध्ये कुठे गेली नाही? घाई आपल्याला आहे, गाडीला नाही.

नवखी

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांगा.

मी गेल्या वर्षी जुनी फोर बाय फोर घेतली. पहिल्याच भेटीत लोकांनी बॉनेट उघडून डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर पाहिला आणि दहा मिनिटं त्यावरच बोलले. तो मी लावला नव्हता, गाडीबरोबर आला होता. मला विचारायचं होतं की दुसऱ्या गिअरला टाकताना खरखर का येते. ते राहूनच गेलं. नंतर तिघांना विचारलं, तीन उत्तरं आली. एकाने 'सगळ्यात भारी' म्हणून गिअरबॉक्समध्ये जीएल-५ ग्रेडचं गिअर ऑइल घालायला सांगितलं, तेच घातलंय. मूळ की बदललेलं या वादात मला अजून बाजू नाही. पण नव्या माणसाला तुम्ही आधी गाडी चालवायला शिकवाल की आधी तिच्या चुका मोजाल?

ग्रीसगन

ताई, आधी ऑइल काढा. बाकीचं नंतर.

जुन्या गिअरबॉक्समधली सिंक्रोची (गिअर टाकताना वेग जुळवणारी) कडी पितळ-काशाची असतात. जीएल-५ मध्ये जास्त दाबासाठी गंधकाची द्रव्यं जास्त असतात, ती या पिवळ्या धातूला हळूहळू खाऊ शकतात. शिवाय ते इतकं गुळगुळीत की कडं कोनावर पकडच घेत नाही, म्हणजे खरखर वाढते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो ग्रेड दिलाय तो बघा. बहुतेक जुन्या गिअरबॉक्सला जीएल-४ चालतं, काहींना चक्क इंजिन ऑइल सांगितलेलं असतं. डिफमध्ये जीएल-५ राहू द्या, ते तिथलंच आहे. जुनं ऑइल पांढऱ्या डब्यात काढा आणि उन्हात धरा. पिवळी चमक दिसली तर कडं झिजतंय. ती बारीक सोनेरी धूळ एकदा पाहिली की परत विसरत नाही.

तोवर डबल क्लच करा. न्यूट्रलला क्लच सोडा, खालच्या गिअरला जाताना थोडी रेस द्या, पुन्हा दाबून गिअर टाका.

आणि सुक्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकून फिरू नका. पार्ट टाइम सिस्टिम आहे, पुढची-मागची चाकं वळणावर सारखी फिरत नाहीत, ताण शाफ्टमध्ये साठतो आणि लिव्हर अडकतो. नव्यांकडून ही चूक हमखास होते, मीही केली आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: चालवायला. त्या भेटीत मी असतो तर आधी तुमच्या शेजारी बसून दुसरा गिअर ऐकला असता.

नवखी

आजच काढते. पांढरा डबा आहे.

लीफस्प्रिंग

नवखी, त्या दिवशी अल्टरनेटरवर बोलणाऱ्यांत मी असतो असं मला वाटतंय, आणि ते बरं नाही.

माझं ठरलं ते सांगतो. इंजिन राहणार. हेड सरफेस करायला दिलंय, एग्झॉस्ट व्हॉल्व्हच्या जागी कडक सीट बसवून घेतोय, कारण शिसं नसलेल्या पेट्रोलवर जुन्या मऊ सीट सतत जोर दिला की खचत जातात आणि क्लिअरन्स संपतो. म्हणजे बदल मीही करतोय, जुनाचोक, आणि हा काही उलटवता येणारा नाही. ग्रीसगनचं वाचून रात्री चारही ड्रम काढले. मागच्या दोन व्हील सिलेंडरच्या रबरी टोप्या उचलल्या तर आत ओल. मास्टर सिलेंडर ड्युअलच घालतोय.

चिखलवाट, दोन हजार किलोमीटरवर मी विचार करतोय. पण टीडीआय नाही.

चिखलवाट

नका घालू. मला अजूनही वाटतं की तीन वर्षांनी तुम्ही लांबच्या प्रवासाला मित्राच्या गाडीत बसाल. तुम्ही चुकीचं ठरवलंय असंच माझं मत आहे.

माझं काढलेलं इंजिन मी टाकलेलं नाही. ब्लॉक गेलाय, पण क्रँक, रॉकर शाफ्ट, डिस्ट्रिब्युटर चांगले आहेत. तेल लावून, कापडात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवलेत. बारा वर्षं मीही 'पुढे लागतील' असंच म्हणत होतो. ब्रँडचं नाव इथे लिहू नका, तुमच्या इंजिनाचा नंबर मला वेगळा कळवा. जुळत असेल तर रॉकर शाफ्ट घेऊन जा. हेड उतरलेलंच आहे, घालायचा असेल तर आत्ताच घाला.