इस्तंबूलचा मध्य नेमका कोठे मानावा?

पांथस्था:
नमस्कार. आई आणि मी मंगळवारपासून इस्तंबूलमध्ये आहोत आणि आणखी चार दिवस येथे राहणार आहोत. भारताबाहेरचा हा आमचा पहिलाच प्रवास. निघण्यापूर्वी पुष्कळ वाचले होते, तरी पहिल्या दोन दिवसांत मी पुरती गोंधळून गेले. गलाता बुरुजाजवळच्या आमच्या मुक्कामापासून नकाशावर अगदी जवळ दिसणारे ठिकाण प्रत्यक्षात पायऱ्यापायऱ्यांची उभी उतरण निघते, आणि तीच वाट परतताना चढून येणे आईच्या गुडघ्यांना झेपत नाही. जुन्या शहरातल्या सुलतानअहमेत भागात गेलो, तेव्हा हेच शहराचे हृदय असावे असे वाटले. पण तेथे बहुतेक आमच्यासारखे पाहुणेच होते. रात्री इस्तिकलाल रस्त्यावर गेलो, तर सारे शहर तेथेच लोटले आहे असे वाटले.

काही गोष्टींनी मात्र पहिल्याच दिवशी मन जिंकले. संध्याकाळी एका मशिदीतून अजान सुरू झाली की ती संपण्याआधीच पाण्यापलीकडून दुसरी ऐकू येते, मग तिसरी, आणि काही क्षण दिशाच कळेनाशी होते. दुकानाच्या पायरीवर, मशिदीच्या अंगणात, ट्रामच्या थांब्यावरील बाकावर मांजरे निर्धास्त झोपलेली असतात आणि कोणीही त्यांना उठवत नाही. आया सोफिया या प्राचीन मशिदीच्या वरच्या सज्जात उभे राहिल्यावर घुमटाच्या तळाशी असलेल्या चाळीस खिडक्यांतून येणारा प्रकाश पाहून आई कितीतरी वेळ बोललीच नाही. तरीही हे तुकडे एकमेकांना जोडता येत नाहीत. या शहराचा मध्य कोठे आहे, आणि उरलेल्या चार दिवसांत ते थोडेतरी समजावे यासाठी काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पैलतीर:
नोकरीनिमित्त मी चार वर्षे कादिकोयला, म्हणजे आशियाच्या बाजूला, राहिलो. आपला गोंधळ मला ओळखीचा आहे, कारण पहिला महिनाभर मीही हे शहर जमिनीवरून समजून घेण्याचा प्रयत्न करत होतो. दीड कोटींहून अधिक वस्तीच्या या शहराचा मध्य शोधायचाच असेल, तर तो पाण्यात शोधावा. बॉस्फरसची सामुद्रधुनी उत्तरेच्या काळ्या समुद्रातून दक्षिणेच्या मार्मारा समुद्राकडे जाते आणि युरोप व आशिया वेगळे करते. तिला पश्चिमेकडून हालिच नावाची अरुंद खाडी मिळते, जिला आपण गोल्डन हॉर्न म्हणतो. या दोन पाण्यांमुळे तीन काठ तयार होतात. खाडीच्या दक्षिणेस तटबंदीचे जुने शहर, उत्तरेस आपण राहता तो गलाता-बेयोग्लू भाग, आणि समोर आशियाचा किनारा. आपण पाहिलेले तुकडे या तिन्हींपैकी दोन काठांवरचेच आहेत. तिसऱ्यावर आपण अजून पाऊलच ठेवलेले नाही.

म्हणून उद्या दुपारी जुन्या शहराच्या काठावरील एमिनोन्यूच्या धक्क्यावरून कादिकोयची फेरीबोट पकडावी. ट्रामसाठी घेतलेले इस्तंबूलकार्ड तेथेही चालते आणि प्रवास अर्ध्या तासाच्या आत होतो. कादिकोयच्या बाजारात मासळी, ऑलिव्ह, लोणची पाहत निवांत फिरावे; तेथे पर्यटक कमी आणि घरी भाजी नेणारी माणसे अधिक दिसतील. परतताना सूर्यास्ताच्या सुमारास बोटीच्या डाव्या बाजूला, उघड्यावर बसावे. आधी सुलतानअहमेत मशिदीचे सहा मिनार, मग आया सोफिया, मग टोकावरचा तोपकापी राजवाडा, आणि बोट वळून खाडीत शिरली की टेकडीवर वास्तुकार मिमार सिनानने बांधलेली सुलेमानिये मशीद, असे सारे आपल्यासमोरून क्रमाने सरकत जाते. मला हे शहर प्रथम कळले ते त्या बाकावर.

आईंच्या गुडघ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट: गलाताच्या पायथ्याशी, पाण्याकाठी असलेल्या काराकोयहून वर जाण्यासाठी त्युनेल ही छोटी भुयारी गाडी आहे. ती 1875 पासून चालते. लंडननंतरची जगातील ही दुसरी जुनी भुयारी रेल्वे. वरच्या स्थानकावर उतरले की गलाता बुरुजाकडे उताराने चालत येता येते, त्यामुळे चढ पूर्ण टळतो.

शब्दवेल्हाळ:
वरील उत्तराशी मी सहमत आहे. एवढेच जोडतो की कानही उघडे ठेवावेत, कारण या शहरात मराठी माणसाला अनपेक्षित ठिकाणी ओळखीचे शब्द भेटतात. उपाहारगृहात बिल मागताना ‘हेसाप’ म्हणतात, तो आपला हिशेबच. शेहिर म्हणजे शहर, मेयदान म्हणजे मैदान किंवा चौक, द्युक्कान म्हणजे दुकान, साबुन म्हणजे साबण. यांतील बरेचसे शब्द अरबी-फारसीतून दोन्हीकडे गेले. ‘तोफ’ मात्र आपल्याकडे आला तो तुर्कीतल्या ‘तोप’वरून, आणि तोपकापी या नावाचा अर्थच तोफेचे दार असा आहे. विजापूरची मुलूखमैदान तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतणारा कारागीर मुहम्मद बिन हसन रूमी होता. रूमी म्हणजे रूमचा, उस्मानी (ऑटोमन) तुर्कांच्या मुलखाकडचा. तोपकापीच्या दारातून आत जाताना मला त्या अनाम प्रवासाची फार आठवण झाली होती: कोठून निघाला असेल हा माणूस आणि कोणत्या बंदराला लागला असेल!

पाट्या वाचण्यासाठी एक सूचना: 1928 पासून तुर्की भाषा रोमन लिपीत लिहिली जाते, पण तिच्यात ‘सी’ या अक्षराचा उच्चार ‘ज’ होतो, आणि त्याच अक्षराखाली शेपूट असेल तर ‘च’. मशिदीच्या पाटीवरचा शब्द ‘कामी’ नसून ‘जामी’, म्हणजे मशीद, आहे.

मुशाफिर:
वाराची काळजी घ्यावी. तोपकापी मंगळवारी बंद असतो, झाकलेला मोठा बाजार रविवारी बंद असतो, आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी मशिदींत पर्यटकांना प्रवेश नसतो.

पांथस्था:
सर्वांचे मनापासून आभार. काल कादिकोयला जाऊन आलो. परतताना डाव्या बाजूलाच बसलो. ट्युलिपच्या आकाराच्या छोट्या पेल्यातला चहा आईला फार आवडला. ती सिमित या तीळ लावलेल्या गोल पावाचे तुकडे समुद्रपक्ष्यांना टाकत होती. मिनार एकामागून एक दिसू लागले, तेव्हा तिने स्वतःच बोट दाखवून सांगितले, “ते कालचे, आणि आपण राहतो ते तिकडे, बुरुजाजवळ.” रात्री जेवणानंतर तिने धीर करून ‘हेसाप’ म्हटले आणि वाढणाऱ्या मुलाला ते लगेच समजले. आज त्युनेलने वर आलो. उद्या आशियाच्या काठावरील उस्कुदारची बोट घेण्याचा विचार आहे. तेथून समोरचा काठ सकाळच्या उन्हात कसा दिसतो, ते पाहायचे आहे.