घड्याळ तेच, पोरगा वेगळा: जुना बेन टेन आणि नवा बेन टेन, तुमचे अनुभव लिहा

केळीबाग, रावेर

नमस्कार मंडळी. धागा काढायचं कारण घरातच घडलं. केळीची कटाई चालू होती, दुपारी जेवायला घरी आलो तर मुलगा (वय ७) टीव्हीसमोर आणि टीव्हीवर बेन टेन, म्हणजे मनगटावरचं घड्याळ दाबून वेगवेगळे एलियन होणाऱ्या दहा वर्षाच्या पोराचं कार्टून. मी ताट घेऊन त्याच्या शेजारीच बसलो, म्हटलं हा तर आपलाच गडी, पण पाच मिनिटांत कळलं की घड्याळ तेच, बेनची चुलतबहीण ग्वेन तीच, आजोबांची गाडी तीच आणि तरी हा आपला बेन नाही.

आपला बेन म्हणजे अमेरिकेत २००५ च्या डिसेंबरात सुरू झालेला आणि २००८ मध्ये संपलेला, ५२ भागांचा. आपल्याकडे हिंदीत यायचा. तेव्हा लोडशेडिंग एवढं की भाग अर्ध्यावर असताना लाइट जायची, मग विल्गॅक्स या खलनायकाचं पुढे काय झालं ते दुसऱ्या दिवशी शाळेत, ज्याच्या गावात त्या वेळी लाइट होती त्याच्याकडून ऐकायचं. मुलाचा बेन २०१६ मध्ये नव्याने काढलेला, ११-११ मिनिटांचे भाग, २०२१ पर्यंत चालला.

मला सगळ्यात जास्त खटकली ती सुरुवात. जुन्यात पहिल्याच भागात आकाशातून एक गोळा पडतो, त्यातलं घड्याळ उडी मारून मनगटाला चिकटतं, काढता निघत नाही, आणि पोरगा पहिल्यांदा आगीचा प्राणी होतो तर जंगलच पेटतं. म्हणजे शक्ती आली ती आधी नुकसान घेऊनच आली, मग तो सावरायला शिकला. नव्यात मालिका सुरू होते तेव्हा घड्याळ हातात आहेच, बेनला ते सवयीचं झालंय, मजाच मजा. मी जुना पहिला भाग मोबाइलवर लावून दिला तर मुलगा म्हणाला, पप्पा यात अंधार खूप आहे. खरंच आहे. पण मला तो अंधारच धरून ठेवायचा, त्यात दहा वर्षाच्या पोराला भीती वाटतीय हे दिसायचं.

तर ज्यांनी जुनं नवं दोन्ही पाहिलंय त्यांनी लिहा. बेन टेनच पाहिजे असं नाही, सुपरहिरोचं कोणतंही कार्टून चालेल. नवीन आवडलं असेल तर तेही मोकळेपणाने लिहा.

बिबडी, जळगाव

माझ्यासाठी जुना बेन म्हणजे उन्हाळ्याची सुटी आणि बिबड्या (ज्वारीचे पापड). गच्चीवर आई आणि मोठी काकू बिबड्या टाकायच्या, आम्हा पोरांना राखणीला बसवायच्या, ऊन असं की चप्पल काढली तर पाय भाजतो, आणि खालून कोणी ओरडलं लाइट आली की मी राखण सोडून थेट टीव्हीकडे. किती वेळा बोलणी खाल्ली.

मला बेनपेक्षा ग्वेन जवळची. ती अभ्यासू, लॅपटॉपवर शोधून काढणारी, बेनला तोंडावर बोलणारी, आणि पुढे तिला जादू येते, ती स्वतः मुखवटा घालून लढते. एका भागात तर घड्याळ बेनच्या ऐवजी ग्वेनला मिळालं असतं तर काय, हे पूर्ण दाखवलंय, आणि ती ते त्याच्यापेक्षा शहाणपणाने वापरते. तो भाग मी चुलतभावांबरोबर बघत होते, सगळे गप्प झाले होते, मला ती दुपार अजून आठवते.

नव्या मालिकेचे सुरुवातीचे भाग भाचीबरोबर पाहिले. ग्वेन हुशार आहे, धीट आहे, आणि बेनशी तिची वागणूक आधीपेक्षा गोड आहे. जुन्यात दोघं सारखी भांडायची, टोचून बोलायची, आता मोठी होऊन पाहिलं तर ते जरा जास्तच वाटतं. नव्यात दोघं खरंच सुटीला निघालेली भावंडं वाटतात. पण या भागांत तिच्याकडे जादू नाही. भाचीला ते कळतही नाही कारण तिने आधीचं पाहिलेलं नाही, मला मात्र तिच्या हातात काहीतरी द्यावंसं वाटत राहिलं.

दीपनगर

घोस्टफ्रीक, तो भुतासारखा एलियन. एवढं एकच नाव लिहून थांबलो असतो तरी चाललं असतं भो.

जुन्या घड्याळातल्या पहिल्या दहा एलियनांत तो होता. वाइल्डमट आणि रिपजॉज पण होते. नव्या पहिल्या दहात हे तिघं नाहीत, त्यांच्या जागी कॅननबोल्ट, वाइल्डवाइन आणि पाण्याचा नवा ओव्हरफ्लो आला. ओव्हरफ्लो चांगला आहे, माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही. घोस्टफ्रीकमध्ये जी गोष्ट होती ती दुसऱ्या कोणात नव्हती. बाकीचे नऊ जण बेनचं ऐकायचे, हा आतून बेनवरच ताबा मिळवायला बघायचा, आणि शेवटी घड्याळातून सुटून बाहेरच येतो आणि बेनच्याच जिवावर उठतो. म्हणजे जे हत्यार तू मनगटाला बांधून फिरतो त्याच्यातच तुझा वैरी बसलेला. मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन, रात्री आमच्या कॉलनीतली लाइट गेली की मी आजीची गोधडी डोक्यावरून घ्यायचो. पण दुसऱ्या दिवशी परत तोच भाग लागला तर बघायला बसायचोच.

केव्हिनचं पण तसंच. जुन्यात तो आधी दोस्त होतो, रस्त्यावर राहणारा पोरगा, कोणी नाही त्याला, मग लोभ सुटतो आणि घड्याळाची ताकद शोषून घेतो आणि सगळ्या एलियनांचं मिश्रण होऊन बसतो, माणूस म्हणून परत येता येत नाही. त्याची दया पण यायची आणि भीती पण. नव्यात त्याच्याकडे स्वतःचं उलट्या जातीचं घड्याळ आहे. चांगली कल्पना आहे, पण दया येत नाही मला.

धुळ्याची मधली

मी बेन टेन फार पाहिलं नाही, पॉवरपफ गर्ल्सबद्दल लिहिते चालेल ना. आम्ही तिघी बहिणी, मी मधली. आमच्या गल्लीत आई-पप्पांना येता-जाता विचारायचे, मुलगा नाही का. आणि टीव्हीवर एक प्रोफेसर होता ज्याला तीन मुली होत्या आणि त्याला कोणी हा प्रश्न विचारत नव्हतं, उलट शहरावर संकट आलं की महापौर फोन करून त्या तिघींनाच बोलवायचा. पप्पा दुकानातून आले की म्हणायचे काय चाललंय माझ्या पॉवरपफांचं. मोठी ब्लॉसम, मी बटरकप, धाकटी बबल्स, आणि धाकटी खरोखर तशीच रडूबाई होती.

ती मालिका १९९८ ची, २००५ पर्यंत चालली. २०१६ मध्ये नवी आली तेव्हा मी नोकरीला लागले होते, तरी मोठीच्या मुलीसाठी म्हणून आम्ही तिघींनी ती बघायचं ठरवलं, त्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी सगळ्या जमलो होतो, आमरस आणि खापरावरचे मांडे खाऊन दुपारी लोळत बघत होतो. आधी कळेना काय चुकतंय. मग कळलं की मूळ इंग्रजीतल्या तिघींचे आवाजच बदललेत, ज्या बायकांनी पहिल्यापासून आवाज दिले होते त्यांना घेतलेलंच नाही. महापौरांची ती सेक्रेटरी, मिस बेलम, जिच्या डोक्यावर सगळं शहर चालायचं, ती गायब. मोबाइल आणि इंटरनेटवरचे विनोद भरपूर. २०१७ मध्ये चौथी बहीण पण आणली.

धाकटी म्हणाली, बंद कर गं. पण भाची म्हणाली राहू द्या ना मावशी. मग राहू दिलं. तिला त्या तिघी आवडल्या याचाच मला आनंद आहे, माझी मालिका मी तिला दाखवीन पण तिच्यावर लादणार नाही. फक्त मिस बेलमला का काढलं याचं मला आजही वाईट वाटतं.

भुसावळ जंक्शन

माझं वय तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त, त्यामुळे माझा जुना हिरो म्हणजे ही-मॅन. रेल्वे क्वार्टरमध्ये आमच्या लायनीत टीव्ही एकाच घरी, दूरदर्शनवर ही-मॅन लागला की त्यांच्या ओसरीत वीस-वीस पोरं. तलवार वर केली की आम्ही पण लाकडी पट्ट्या वर करायचो.

दोन-तीन वर्षांपूर्वी ते १९८३ चं कार्टून मी परत पाहिलं, मुलाला अभिमानाने दाखवायला बसलो होतो. तेव्हा दिसलं की तेच धावणं, तीच उडी, तोच ठोसा, तीच चित्रं पुन्हा पुन्हा वापरलीत, पैसे वाचवायला तसं करायचे. आणि खेळणी आधी बाजारात आली होती, कार्टून ती विकायला काढलेलं. म्हणजे आजच्या मालिकांना आपण जे बोल लावतो, खेळण्यांसाठी काढलंय, स्वस्तात उरकलंय, ते आमच्या ही-मॅनलाही लागू पडतं. तरी प्रत्येक भागाच्या शेवटी तो समोर येऊन लहान पोरांना एक चांगली गोष्ट सांगायचा ती आम्ही ऐकायचो.

२०२१ मध्ये त्याच्या दोन नव्या मालिका आल्या, एक मोठ्यांसाठी, जुनीच गोष्ट पुढे नेणारी, आणि एक लहानांसाठी, सगळं नव्याने. मला वाटलं होतं मला पहिली आवडेल. पहिल्यात माझा ही-मॅन सुरुवातीलाच मरतो आणि गोष्ट त्याच्या सोबतीने लढणाऱ्या टीलाकडे जाते, ते मला झेपायला वेळ लागला पण टीलाचं दुःख चांगलं दाखवलंय. लहानांची मात्र मुलाने आणि मी दोघांनी मिळून आवडीने पाहिली. तिने आमच्याशी स्पर्धाच लावली नाही, तिचं तिचं वेगळं जग उभं केलं. हे मला पटतं.

अमळनेरची आई

मी नव्या बेन टेनच्या बाजूने लिहितेय. माझा मुलगा पाच वर्षांचा होता, त्याच्या मामाने हौसेने जुनं लावून दिलं आणि नेमका भुताचा भाग. पुढे दोन महिने तो एकटा न्हाणीघरात जायला तयार नव्हता. नव्यात त्याला हसू येतं, अकरा मिनिटांत गोष्ट संपते म्हणजे एक भाग झाला की जेवायला ये म्हणता येतं. तुम्ही सगळे नऊ-दहा वर्षांचे असताना बघत होता हे लक्षात घ्या, आता पाच वर्षांची मुलं बघतात.

आमच्याकडे सासरे पण बघत बसतात. एकदा मी विचारलं, बाबा तुम्हाला कळतं का, तर म्हणाले, "कळस ना, हाऊ पोऱ्या घडी दाबस नि राक्षस व्हई जास, पन त्याना आजला त्याले सोडत नही." मला ते फार आवडलं. जुनं असो की नवं, मॅक्स आजोबा दोन्हीकडे गाडी चालवतायत, दोन्हीकडे त्या पोरांना विचित्र काहीतरी रांधून खाऊ घालतायत.

सातपुड्याखाली, शहादा

टीन टायटन्स, पाच तरुण सुपरहिरोंच्या टीमचं कार्टून. जुनी २००३ ते २००६, ६५ भाग. नवी २०१३ पासून, भाग ३०० च्या कितीतरी वर गेलेत. आणि यात गंमत अशी की नवी सुरू झाली तेव्हा पाचही जणांचे मूळ इंग्रजी आवाज तेच होते, तरी मालिका पूर्ण वेगळी. म्हणजे नुसत्या आवाजाने होत नाही.

जुन्यात टेरा नावाची मुलगी येते, ती टीमला दगा देते आणि शेवटी सगळ्यांना वाचवताना दगड होऊन जाते. बीस्ट बॉयचा तिच्यावर जीव. अगदी शेवटच्या भागात त्याला तिच्यासारखीच दिसणारी मुलगी शाळेत भेटते आणि ती त्याला ओळखतच नाही, तो निघून येतो, मालिका संपली. मी होस्टेलवर पाहिला तो, घरून पहिल्यांदाच लांब राहत होतो, जुने दोस्त फोन उचलेनासे झाले होते, मला तो भाग लागला तो लागलाच. नवीनमध्ये हेच बीस्ट बॉय आणि सायबॉर्ग जेवणावरून गाणी म्हणतात. लहान बहीण पोट धरून हसते. मी उठून जातो, खरं सांगतो, मला नाही बघवत. २०१९ मध्ये दोन्ही टीम समोरासमोर आणणारा सिनेमा काढला तेवढा मात्र तिच्याबरोबर पूर्ण पाहिला.

शिरपूरचा नववीवाला

मी १४ वर्षांचा आहे. मी नव्या बेन टेनवरच वाढलोय त्यामुळे प्लीज कोणी त्याला वाईट म्हणू नका. लॉकडाउनमध्ये पप्पांचं काम बंद होतं, घरात सगळे टेन्शनमध्ये, मी आणि भाऊ एका मोबाइलवर रोज बेन टेन बघायचो. भावाने सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेलं प्लास्टिकचं घड्याळ होतं, त्यातली लाइट बिघडली होती तरी आम्ही दोघं दिवस वाटून घालायचो, सोमवार त्याचा, मंगळवार माझा.

मग २०२१ चा तो स्पेशल भाग आला ज्यात वेगवेगळ्या मालिकांमधले बेन एकत्र येतात. तेव्हा पहिल्यांदा कळलं की आमच्या आधी पण बेन होते. मोठा झालेला पण होता, हिरव्या जॅकेटवाला. आम्ही दोघं भांडलो की कोण खरा. आता मला जुनं सगळं बघायचंय पण कुठून सुरू करू ते कळत नाही, खूप मालिका आहेत. कोणी सांगाल का?

केळीबाग, रावेर

शिरपूरच्या दोस्ता, असं कर. २००५ ची मालिका पहिल्या भागापासून, मधलं काही गाळू नको, केव्हिन पहिल्यांदा येतो तो भाग नीट लक्ष देऊन बघ कारण पुढे त्याचं खूप काम आहे. त्यानंतर एलियन फोर्स, त्यात बेन १५ वर्षांचा, म्हणजे जवळपास तुझ्याच वयाचा. मग अल्टिमेट एलियन, मग ऑम्निवर्स. दीपनगरवाले भाऊ सांगताहेत तो घोस्टफ्रीक पळतो तो भाग आला की भावाला शेजारी घेऊन बस, आणि तो लहान असेल तर दिवसा बघा.