विषय: [मंडळ] फॉलला फिग घ्यावं का?

नमस्कार मंडळी,
लेकीला यूडबला, म्हणजे सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनला, अ‍ॅडमिशन मिळालीय, पुढच्या आठवड्यात ओरिएंटेशन. तिथे फॉलला (पहिल्या सत्राला) फिग (फर्स्ट-इयर इंटरेस्ट ग्रुप) घ्या म्हणून सांगतात म्हणे, म्हणजे वीस-पंचवीस फ्रेशर्सचा गट, दोन-तीन कोर्सेस सगळ्यांना तेच, आणि वर दोन क्रेडिटचा सेमिनार, तो घेणार कोण तर वरच्या वर्षाचा एक विद्यार्थी! हिचे बाबा म्हणतात हे कच्च्या मुलांसाठी असतं, आपल्याला कशाला. कोणाचा अनुभव आहे का?
- बेलव्ह्यूहून

---

ताई, ते कच्च्या मुलांचं आधी डोक्यातून काढा. मी इथे एका कम्युनिटी कॉलेजात इंग्लिश शिकवते, लिंक्ड कोर्सेस, म्हणजे एकाच गटाने एकत्र घ्यायचे जोडलेले विषय, पण शिकवलेत.

आपण पुण्यात शिकलो तेव्हा तुकडी होतीच ना, सकाळच्या लेक्चरपासून प्रॅक्टिकलपर्यंत तीच डोकी, जर्नल कोणाचं उतरवायचं तेही ठरलेलं. इथे प्रत्येकाचं टाइमटेबल वेगळं, केमिस्ट्रीत शेजारी बसलेला मुलगा परत दिसेलच असं नाही. फिग ही तुकडी देतं आणि ते काही कमी नाही, पण माझ्या मते ते अर्धंच काम झालं. आपल्याकडे मॅथ्सचे सर डिफरन्शियल इक्वेशनपर्यंत पोचायच्या आत फिजिक्सच्या मॅडम ती फळ्यावर सोडवून मोकळ्या व्हायच्या, तुकडी एकच असून! खरं लिंकिंग म्हणजे दोघांनी सेमिस्टरच्या आधी एकत्र बसायचं, सोशिऑलॉजीत जे वाचलं त्यावरच इंग्लिशचा पेपर लिहायला लावायचा. आपल्या ऑलिंपियाच्या एव्हरग्रीन स्टेट कॉलेजने तर १९७१ पासून हे पार टोकाला नेलंय, दोन-तीन प्राध्यापक मिळून सोळा क्रेडिटचा एकच प्रोग्रॅम शिकवतात, आणि ग्रेड नाहीतच, लेखी शेरे.

फायदा होतो का म्हणाल तर ब्रुकलिनच्या किंग्जबरो कम्युनिटी कॉलेजात २००३ ते २००५ मध्ये १,५३४ नव्या मुलांची अक्षरशः चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली होती. एका भागाला २५ पर्यंतचे गट आणि तीन जोडलेले कोर्सेस, इंग्लिश, सायकॉलॉजीसारखा एखादा विषय आणि ओरिएंटेशन, शिवाय पुस्तकांसाठी व्हाउचर आणि जास्तीचं काउन्सेलिंग. पहिल्या सेमिस्टरला ती मुलं जास्त विषय पास झाली. पण नंतर इतर कॉलेजांत करून बघितलं तर फरक सरासरी अर्ध्या क्रेडिटच्या आसपास. का, तर बऱ्याच ठिकाणी विषय एकमेकांत गुंफलेच गेले नव्हते, आणि त्याचं मला अजिबात नवल वाटत नाही, टाइमटेबल जुळवणं ऑफिसचं काम, प्राध्यापकांना एकत्र बसायला वेळ आणि पैसे कोण देणार?

- शोरलाइनहून

---

काकू, मी फिग केलंय. प्रोफेसर वगैरे एकमेकांशी काही बोलत नव्हते, शोरलाइनच्या मावशी म्हणतात ते बरोबर आहे. केन हॉलच्या १३० नंबरच्या लेक्चर हॉलमध्ये सातशेच्या आसपास सीट्स आहेत, त्यात आमचे वीस जण, बाकीच्यांना आमचं फिग आहे हे माहीतही नसतं. पण मिडटर्मच्या आदल्या रात्री ओडेगार्ड लायब्ररीत टेबल धरायला कोणीतरी होतं, आणि एकाला इकॉन कळायचं एकाला कॅल्क. सेमिनार कधीकधी बोअर होतो हे पण खरं, लीडर कोण मिळतो त्यावर आहे. फुलटाइम असलं तर त्या दोन क्रेडिटने फी वाढत नाही, अठरा क्रेडिटपर्यंत तेवढीच.

एकच बघा, गठ्ठा सगळा एकत्रच घ्यावा लागतो, त्यातला एक नको म्हणून चालत नाही. रनिंग स्टार्ट, म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे कोर्सेस, केलंय का तिने? असेल तर जे आधीच झालंय तेच परत गळ्यात पडायचं.
- बॉथेलहून

---

अरे हो, रनिंग स्टार्टमध्ये केमिस्ट्री झालीय तिची! म्हणजे प्री-मेडवाली फिग्ज बहुतेक बादच. एक सायकॉलॉजी आणि इंग्लिश कॉम्प (निबंधलेखन) असलेलं दिसतंय, ते तिला आवडलंय. शोरलाइनच्या ताई, ते पेपर सायकॉलॉजीच्या वाचनावरच असतात का हे अ‍ॅडव्हायझरला विचारायला सांगते तिला. बाबांनी तुमची मेल वाचली, 'बरं' एवढंच म्हणाले, म्हणजे हो समजायचं.
- बेलव्ह्यूहून

---

मंडळी, चर्चा छान चाललीय पण कोणीतरी याच थ्रेडवर गणपतीच्या पार्किंग व्हॉलंटियरचं रिप्लाय-ऑल केलंय, कृपया ते वेगळ्या मेलमध्ये पाठवा.
- मॉडरेटर