आठवीपासून पायथॉन सक्तीचा? आधी मुलांना गणित फोडू द्या

माळावरचा मास्तर
काल इथे 'कोथरूडचा कोडर' यांनी लिहिलं की आठवीपासून पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा सक्तीची करा, फ्लोचार्ट आणि वहीतले अल्गोरिदम, म्हणजे पायरी-पायरीने लिहिलेली कृती, बंद करा, पोरं मशीनवर बसली की तर्क आपोआप येतो. दोनदा वाचलं. त्या 'आपोआप'ला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

मी २३ वर्षं गणित शिकवतोय, गेली सात वर्षं संगणकाच्या तासिकाही माझ्याकडेच आहेत. गेल्या महिन्यात नववीला लीप वर्ष ओळखणारा प्रोग्राम लिहायला दिला. सगळ्या जोड्यांनी ४ ने भाग जातो का एवढंच बघितलं. २०२४ घातलं, बरोबर आलं. २०२३ घातलं, बरोबर आलं. झालं म्हणाले. मी म्हटलं, १९०० घाला. मशीन म्हणालं लीप. १९०० सालात २९ फेब्रुवारी नव्हताच! १०० ने भाग जाणाऱ्या वर्षाला ४०० नेही भाग जावा लागतो, म्हणून २००० लीप आणि १९०० नाही. स्क्रीनवर एकही लाल ओळ आली नाही. कंस विसरला तर मशीन ओरडतं, विचार चुकला तर ते गप्प राहून चुकीचं उत्तर छापतं. मग संगणक बंद करायला लावले. वहीत तक्ता आखला: वर्ष, ४ ने, १०० ने, ४०० ने, उत्तर. वीस मिनिटांत पोरांना अटींचा क्रम सापडला. मग पुन्हा मशीन.

कोथरूडचा कोडर
सर, तुमच्याच गोष्टीतून माझा मुद्दा सिद्ध होतो. चूक सापडली ती १९०० मशीनमध्ये घातल्यावर. हेच फक्त वहीत असतं तर 'बरोबर' असा शेरा पडला असता.

मला राग का येतो ते सांगतो. अकरावी-बारावीला मला कॉम्प्युटर सायन्स होतं, सी प्लस प्लस ही भाषा आणि ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर. प्रॅक्टिकलची जर्नल आम्ही मागच्या बॅचची बघून उतरवली. आउटपुटसुद्धा हाताने लिहायचो, तेही प्रोग्राम न चालवता. सुबक फ्लोचार्ट, पट्टीने आखलेले चौकोन, पैकीच्या पैकी गुण. इंजिनीअरिंगच्या पहिल्या आठवड्यात दहा ओळींचा प्रोग्राम चालेना आणि मी लॅबमध्ये रडायच्या बेतात होतो. शेजारचा मुलगा घरी लहानपणापासून खेळत शिकलेला होता, त्याने दोन मिनिटांत केलं. वहीचं मला कौतुक सांगू नका. वहीने माझी दोन वर्षं खाल्ली.

माळावरचा मास्तर
तुमची वर्षं वहीने नाही, नकलेने खाल्ली. ड्राय रन, म्हणजे मशीनशिवाय कागदावर प्रोग्राम चालवून बघणं, हे उतरवणं नव्हे. प्रत्येक ओळीनंतर चलाची किंमत किती झाली ते स्वतः लिहायचं असतं.

दोन मुलींची आई
मी मास्तरांच्या बाजूने, पण थोडीच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळीकडे कोडिंगच्या क्लासच्या जाहिराती होत्या, आम्हीही घाबरून मोठीला घातलं. फी सांगत नाही, नवऱ्याशी अजून वाद होतो. तीन महिन्यांत तिने 'गेम' बनवला, प्रमाणपत्र आलं, आम्ही नातेवाइकांना पाठवलं. एकदा सहज विचारलं, चेंडू भिंतीला लागून परत का फिरतो गं? म्हणाली, मॅडमनी हा तयार कोडचा ब्लॉक इथे ओढायला सांगितला. मला पोटात कसंतरी झालं. आता धाकटी आठवीत आहे आणि नवीन शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग म्हटलंय. शाळेतही असंच ओढायला शिकवणार असतील तर मला ते नकोच आहे.

कोथरूडचा कोडर
ताई, तो क्लास वाईट होता. म्हणून विषय वाईट ठरत नाही.

निवृत्त बाई, साताऱ्याकडच्या
मसावि काढायची भागाकार पद्धत आम्ही किती वर्षं शिकवली! १०७१ ला ४६२ ने भागा, बाकी १४७. मग ४६२ ला १४७ ने, बाकी २१. १४७ ला २१ ने, बाकी शून्य. मसावि २१. हा युक्लिडचा अल्गोरिदम आहे, दोन हजार वर्षांहून जुना. आर्यभटाची समीकरणं सोडवायची कुट्टक पद्धतही याच भागाकारांवर उभी आहे. यात लूप आहे, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा, आणि थांबायची अटही आहे. पण आम्ही कधी मुलांना विचारलं नाही की हे थांबणारच कशावरून? बाकी दर वेळी कमी होते म्हणून, एवढं तर सातवीतलं मूलही सांगेल. तो प्रश्न न विचारल्याची मला आज खंत वाटते.

मराठी माध्यम
सगळे मशीन की वही यावर भांडताय. भाषेचं काय? माझा भाचा तालुक्याच्या शाळेत आहे. त्याला 'एक्स = एक्स + १' दाखवलं तर म्हणाला, मामा हे खोटं आहे, दोन्हीकडचा एक्स गेला की ० = १ उरतं. गणितात बरोबर बोलला पोरगा! त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की इथे बरोबरचं चिन्ह म्हणजे 'उजवीकडचं काढ आणि डावीकडच्या डब्यात ठेव'. मी त्याला 'बेरीज' नावाचा चल करून दिला. पायथॉन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात. इनपुट विचारल्यावर १९०० देवनागरीत टाइप केलं आणि त्याचा पूर्णांक करून घेतला तरी चालतं. प्रोग्रामच्या ओळीत थेट लिहिलेला आकडा मात्र इंग्रजीच लागतो. त्या दिवशी पोराने पहिल्यांदा स्वतःहून दुसरा प्रोग्राम लिहिला.

कोथरूडचा कोडर
कृपया हे नको. कंपनीत असा कोड कुणी वाचणार नाही. मुलांची सवय बिघडवू नका. कीवर्ड, म्हणजे भाषेचे ठरलेले शब्द, इंग्रजी आणि नावं मराठी, हा कसला कोड?

मराठी माध्यम
आठवीतलं पोर कंपनीसाठी कोड लिहितंय का? तुम्हाला घरात इंग्रजी मिळालं म्हणून तुम्हाला हे सोपं वाटतं. आमच्या वर्गात अर्धी मुलं लूपसाठीचा 'व्हाइल' हा शब्द म्हणजे काय इथेच अडली आणि त्यांना ढ ठरवलं गेलं. त्यातला एक मी.

कोथरूडचा कोडर
माझ्या घराबद्दल तुम्हाला काय माहीत? वडील एसटीत कंडक्टर होते. इंग्रजी मी डिक्शनरी घेऊन शिकलो. म्हणूनच म्हणतो, मुलांना त्यापासून लांब ठेवू नका.

श्टुटगार्टवाली
दोघांनी जरा थांबा. मी इथे जुना कोड सांभाळते. त्यात चलांची नावं आणि शेरे जर्मनमध्येच आहेत आणि ते लिहिणाऱ्यांचं काही बिघडलं नाही. नवीन कोड आम्ही इंग्रजीत लिहितो. दोन्ही जमतं. मराठीत विचार करून कोड लिहिणं मला कुणी शिकवलं असतं तर कॉलेजात मी इतकी गप्प बसले नसते.

मराठी माध्यम
तुमच्या वडिलांबद्दल माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही.

दोन मुलींची आई
भाषेवरून इतकं भांडलात, पण शाळेत संगणक किती आहेत ते कुणी विचारलं का?

माळावरचा मास्तर
ताई, चाळीस मुलांमागे अकरा, त्यातले सात सुरू होतात. लाइट असली तर. म्हणून मी आधी १ ते १०० मधला आकडा ओळखायचा खेळ घेतो. दर वेळी मधला आकडा विचारायचा, 'मोठा' की 'लहान' ऐकून अर्धे आकडे सोडून द्यायचे. सात प्रयत्नांत आकडा सापडतोच, कारण सात वेळा दुप्पट केलं की १२८ होतात. हजार आकडे असले तरी दहा पुरतात. याला मशीन लागत नाही. पण भाच्याच्या गोष्टीवरून एक कबूल करतो. त्या बरोबरच्या चिन्हाबद्दल मी वर्गात एकदाही बोललो नाही. गणितही मीच शिकवतो, तरी माझ्या लक्षात आलं नाही.

कोथरूडचा कोडर
ठीक आहे. सात मशीन असतील तर वही लागेल, एवढं मान्य. पण आधी अख्खं वर्ष वही आणि मग मशीन, हे मला मान्य नाही. त्याच तासाला दोन्ही व्हायला हवं. आणखी एक. मुलांचं इनपुट मजकूर म्हणून येतं हे दाखवता का? पूर्णांकात बदललं नाही तर ५ आणि ३ ची बेरीज ५३ येते. हे वहीत कधीच दिसणार नाही. मला ते दिसलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की मशीनला 'आकडा' म्हणजे काय ते सांगावं लागतं.

लीप वर्षाला ही वर्षं द्या: १६००, १९००, २०००, २०२४, २१००. आधी उत्तरं लिहून घ्या, मग चालवा.

माळावरचा मास्तर
२१०० मी दिलं नव्हतं. उद्या देतो. आणि ५३ सुद्धा दाखवतो, ते माझ्याकडून राहिलंच होतं. पण तक्ता आधी वहीतच होणार.

मराठी माध्यम
चलाचं नाव 'वर्ष' ठेवा, सर.