जीआय म्हणजे भौगोलिक निर्देशांक? की मानांकन?

कातळसडा
मंडळी, जरा अडलंय, आणि पुस्तिका लवकरच छापायला जायचीये. आमच्याकडच्या हापूस बागायतदारांसाठी जीआय (जिओग्राफिकल इंडिकेशन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाच्या नावाला कायद्याने मिळणारं संरक्षण) नोंदणीची माहिती मराठीत लिहून देतोय. सगळीकडे 'भौगोलिक निर्देशांक' लिहिलं, पेपरात तेच वाचत आलोय म्हणून. परवा बैठकीत कच्ची प्रत वाटली तर पुढे बसलेले एक आजोबा, जन्म कलमांत गेलेला माणूस, कागद उलटसुलट करून विचारतात, "आमचो आकडो किती इलो?" मला आधी कळेचना. मग डोक्यात प्रकाश पडला, निर्देशांक म्हटल्यावर त्यांनी आकडा शोधला, आणि त्यांचं काय चुकलं? महागाईचा निर्देशांक असतो, शेअर बाजाराचा असतो, तिथे आकडाच असतो. आता 'मानांकन' करायला घेतलं तर बायको म्हणते ते आयएसओचं. काय लिहू?

शुद्धमती
निर्देशांक चूकच आहे. निर्देश अधिक अंक, म्हणजे आकडा आलाच. मूळ शब्द इंडिकेशन आहे, इंडेक्स नाही. इंग्रजीत दोन्ही एकाच घरातले, तिथेच कुणाची तरी गल्लत झाली असणार. हिंदीत कायद्याच्या नावातच 'भौगोलिक उपदर्शन' आहे, ते अर्थाला धरून आहे. मला विचाराल तर 'स्थलनिर्देश'. निर्देश आणि देश दोन्ही 'दिश्' धातूचे, बोट दाखवणं हाच मूळ अर्थ. माल कुठला ते बोट दाखवून सांगणं, याहून नेमकं काय हवं?

पेठेतला
ताई, धातू बरोबर असेल पण उपदर्शन म्हणणार कोण? पुणेरी पगडीला २००९ ला मिळालं तेव्हा घरीदारी सगळे मानांकन म्हणाले, पैठणीच्या वेळी तेच, आज दुकानदारही तेच म्हणतो. शब्द रुळला की तो बरोबर. आमचे काका तर अजून "पगडीचं पेटंट मिळालं" म्हणतात आणि समोरच्याला कळतं.

कोर्टकचेरी
कळतं ते चुकीचं कळतं दादा! पेटंट म्हणजे एकस्व, ते नव्या शोधाला, अर्ज केल्या तारखेपासून २० वर्षं, मग संपलं. जीआय दर १० वर्षांनी नूतनीकरण करून कितीही काळ चालू राहतं आणि ते कुणा एकाचं नसतं. आणि मानांकनावर माझा राग आहे तो शब्द अशुद्ध म्हणून नाही, त्याने माणसं फसतात म्हणून. माझ्याकडे एक बागायतदार आले होते, बाजूच्या गाळ्यावर परमुलखातला आंबा यांच्या गावाचं नाव छापलेल्या पेटीत विकला जात होता, पेटीचा फोटो घेऊन आले होते. विचारलं, तुमचं नाव रजिस्टरला आहे का? म्हणाले, "हापूसला मानांकन मिळालंय ना २०१८ ला, मग माझं वेगळं कशाला?" त्यांना वाटलं सरकारने आंब्याला वरचा नंबर दिला, विषय संपला. तसं नाहीये. १९९९ च्या कायद्यात नोंदणी उत्पादकांच्या संस्थेच्या नावाने होते, चेन्नईच्या रजिस्ट्रीत, आणि उत्पादकाने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःची वेगळी नोंद करायची असते, तेव्हा ते नाव वापरायचा आणि नक्कल करणाऱ्याला कोर्टात खेचायचा हक्क त्याच्या हातात येतो. हा हक्क विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, कलम २४ मध्ये स्पष्ट आहे. मानांकन शब्दात यातलं काहीच नाही. कातळसडा, निदान 'हक्क' हा शब्द मथळ्यात आणा.

पेठेतला
मान म्हणजे मोजमाप, तापमानातलं. वरचा नंबर असा अर्थ नाहीये त्यात.

शुद्धमती
कोशात नसेल, लोकांच्या मनात आहे. तुम्हीच म्हणालात ना रुळलं ते बरोबर?

चामडी_पट्टा
स्थलनिर्देश आम्हाला चालणार नाही. कोल्हापुरी चप्पलचं जीआय २०१९ चं, त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. माझं आजोळ अथणीचं, मामा आयुष्यभर तिथे बसून कोल्हापुरीच शिवत आले, कातडं भिजवायचं, ठोकायचं, वेणी घालायची, सगळं हाताने. आता नाव एका गावाचं आणि जिल्हे आठ, तर बोट कुठल्या स्थळाकडे दाखवायचं? नाव त्या कसबाचं आहे असं मला वाटतं.

बार्देसकार
गोव्यात फेणीला २००९ साली मिळालं तेही फक्त काजूच्या, माडाच्या फेणीला नाही, म्हणजे गाव तेच असून एक आत एक बाहेर. आणि ते हापूस म्हणता ते मूळ आफूस हो, पोर्तुगीज आफोन्सोवरून. आमच्या मानकुरादलाही २०२३ ला जीआय आलं, त्याचं मूळ मालकोराद, रंग नीट न आलेला असा अर्थ. इतका गोड आंबा आणि नाव बघा.

कातळसडा
कोर्टकचेरी ताई, तुमचं मनाला लागलं. मथळा 'आपल्या हापूसच्या नावावरचा हक्क' करतोय, आत जीआय असंच लिहितो. पण 'अधिकृत वापरकर्ता' पण खटकतंय, आमच्याकडे वापरकर्ता म्हणजे मोबाईल वापरणारा, बागायतदार आंबा वापरतो कुठे, पिकवतो! 'नोंदलेला उत्पादक' चालेल का?

कोर्टकचेरी
नाही चालणार. व्यापारी, प्रक्रियावालेही त्यात येऊ शकतात. आणि अर्जावर जो शब्द असेल तो कंसात तरी द्याच, नाहीतर लोक खिडकीवर अडतील.

शुद्धमती
'नामधारक'?

पेठेतला
नामधारी वाटेल.

चामडी_पट्टा
बार्देसकार, माडाची फेणी बाहेर का ठेवली ते सांगा की.

बार्देसकार
अर्जच काजूच्या फेणीचा होता. पण आधी मला कुणीतरी सांगा, कायद्याचं कलम आणि आंब्याचं कलम हा एकच शब्द का? आमचे आजोबा लेखणीलाही कलमच म्हणायचे.

शुद्धमती
एकच, अरबी कलम. फांदीचा काप लेखणीच्या टोकासारखा तिरका घेतात ना, त्यावरून ते कलम, असं माझे वडील सांगायचे.

कातळसडा
पाचर कलमात काप दोन्ही बाजूंनी असतो पण. उद्या बागेत जाऊन बघतो आणि फोटो टाकतो.